देवयानी किती लांब? घड्याळाला विचारा!

नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री नऊच्या सुमाराला, दिव्यांच्या झगमगाटापासून लांब एखाद्या गावी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठा तारकासमूहाचे पाच तारे इंग्रजी ‘एम’सारखे दिसतील. तिथून नजर हळूहळू डोक्याच्या दिशेनं वर सरकवा. एक पुसट, पांढुरका डाग दिसेल. चष्म्याची काच पुसून झाली, तरी तो डाग जागचा हलणार नाही.

ही देवयानी दीर्घिका. आपला सूर्य ज्या आकाशगंगेत आहे, तिच्यासारखीच ताऱ्यांची एक प्रचंड वसाहत. पर्शियातल्या अल्-सूफी नावाच्या खगोलज्ञानं इसवी सन ९६४च्या आपल्या ग्रंथात ‘छोटा ढग’ म्हणून तिची नोंद केली होती. आज कुठलंही पुस्तक उघडलंत, तर त्यात लिहिलेलं असतं : देवयानीचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. म्हणजे सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर पळणाऱ्या प्रकाशालाही तिथून इथं यायला २५ लाख वर्षं लागतात.

वाचलं, पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. पण मोजलं कोणी? टेप घेऊन कोणी गेलं नाही. रडारचा सिग्नल सोडावा, तर तो जाऊन परत येईपर्यंत ५० लाख वर्षं उलटतील. मग हा आकडा आला कुठून?

तो आला उजेड मोजून. आणि त्या उजेडाचं कुलूप उघडलं चक्क घड्याळानं!

मोपेड की ट्रक?

समजा, तुम्ही रात्री एसटीनं घाट चढताय. समोर काळाकुट्ट डोंगर आणि त्यावर एकच दिवा लुकलुकतोय. तो जवळच्या मोपेडचा मिणमिणता दिवा, की वरच्या वळणावरच्या ट्रकचा झगझगीत दिवा? नुसतं बघून सांगता येणार नाही. लहान दिवा जवळ असला काय आणि मोठा दिवा लांब असला काय, डोळ्याला दोन्ही सारखेच.

पण कोणी सांगितलं, की हा ट्रकचाच दिवा आणि तो इतक्या इतक्या ताकदीचा आहे, तर काम सोपं. कारण उजेड अंतराबरोबर कसा कमी होतो, याचा नियम पक्का आहे. अंतर दुप्पट झालं, तर उजेड निम्मा नाही, पाव होतो. अंतर तिप्पट, तर उजेड नववा हिस्सा. दहापट, तर शंभरावा हिस्सा. उजेड चहूकडे पसरत जातो, आणि पसरायची जागा अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून हा हिशेब.

तर गोम इथं आहे. दिसणारं तेज आपण मोजू शकतो. खरं तेज कळलं, की अंतर हाती लागतं. पण खरं तेज सांगणार कोण?

जवळच्या ताऱ्यांसाठी एक वेगळी युक्ती आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून सहा महिन्यांच्या अंतरानं बघितलं, तर जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. हे सरकणं मोजून जर्मनीच्या बेसेलनं १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर काढलं : सुमारे १० प्रकाशवर्षं. पण देवयानीच्या बाबतीत हे सरकणं इतकं नगण्य, की ही युक्ती तिथं कामाची नाही.

यॉर्कचा मुलगा आणि वृषपर्वाचा तारा

शर्मिष्ठेच्या शेजारीच तिचा बाप वृषपर्वा आहे. हो, तोच, ययाती-देवयानीच्या गोष्टीतला! आपल्याकडच्या आकाशनिरीक्षकांनी ही अख्खी मंडळी तिथं जवळजवळ नेऊन बसवली आहेत. या वृषपर्वा तारकासमूहात ‘डेल्टा’ नावाचा एक साधासुधा तारा आहे.

ऑक्टोबर १७८४. इंग्लंडमधल्या यॉर्क गावात जॉन गुडरिक नावाचा २० वर्षांचा मुलगा या ताऱ्याकडे रोज रात्री बघत होता. लहानपणी आजारपणात त्याची ऐकण्याची शक्ती गेली होती. नजर मात्र अशी तीक्ष्ण, की शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत त्यानं ओळखलं, डेल्टाचं तेज कमी-जास्त होतंय. आणि तेही मनाला येईल तसं नाही, ठरलेल्या वेळापत्रकानं! भरभर उजळायचं, सावकाश मंदावायचं, पुन्हा उजळायचं. एक फेरी ५ दिवस आणि सुमारे पावणेनऊ तासांची. गुडरिक वयाच्या २१व्या वर्षीच वारला, पण त्याच्या या ताऱ्यावरून अशा सगळ्या ताऱ्यांना ‘सेफीड’ हे नाव पडलं. वृषपर्वाचं पाश्चात्त्य नाव सेफियस, त्यावरून सेफीड.

हे तारे असं का करतात? ते खरोखरच फुगतात आणि आक्रसतात. ताऱ्याच्या अंगात हेलियमचा एक थर असतो. तारा आक्रसला, की हा थर तापतो, त्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि थर अपारदर्शक बनतो. आतून येणारा उजेड अडकतो, दाब वाढतो, तारा फुगतो. फुगला, की थर निवतो, इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना जाऊन चिकटतात, उजेडाची वाट मोकळी होते आणि तारा परत आक्रसू लागतो. पुन्हा पहिल्यापासून!

जितका तारा मोठा, तितकं त्याचं अंग अवाढव्य आणि विरळ. त्याला फुगायला-आक्रसायला जास्त वेळ लागणार. आणि मोठा तारा जास्त तेजस्वीही असणार. म्हणजे फेरीचा वेळ आणि खरं तेज यांचं काहीतरी नातं असणार, नाही का? आज हे सांगणं सोपं आहे. पण नातं आधी सापडलं, कारण पुष्कळ नंतर कळलं. आणि ते सापडलं ते दुर्बिणीला डोळा न लावणाऱ्या एका बाईला.

काचेवरचे काळे ठिपके

अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत तेव्हा बायकांना दुर्बीण चालवू देत नसत. आकाशाचे फोटो काढणार पुरुष, आणि त्या फोटोंवरचे तारे मोजून वह्या भरणार बायका. त्यांतल्याच एक होत्या हेन्रिएटा लेविट. पगार तासाला ३० सेंट. त्यांनाही ऐकू फारच कमी येत असे.

तेव्हाचे फोटो फिल्मवर नाही, काचेवर निघत. आणि ते उलटे असत : आकाश पारदर्शक, तारे काळे! लेविट ही काच चौकटीवर तिरकी ठेवायच्या, मागून खिडकीचा उजेड यायचा, आणि हातात भिंग. तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा काळा ठिपका मोठा. तेज मोजायचं, तर ठिपका मोजायचा. त्यासाठी त्यांच्याकडे काचेची एक छोटीशी पट्टी असे. तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं ठिपके. ही पट्टी ताऱ्याशेजारी धरायची, कोणता ठिपका जुळतो ते बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. मग पुढचा तारा.

तेज बदलणारा तारा हजारोंच्या गर्दीतून हुडकायला आणखी एक शक्कल होती. एका रात्रीची काळ्या ताऱ्यांची काच घ्यायची आणि दुसऱ्या रात्रीची पांढऱ्या ताऱ्यांची प्रत तिच्यावर नेमकी बसवायची. तारा जसाच्या तसा असेल, तर काळ्यावर पांढरं बसून हिशेब मिटतो. ज्याचं तेज बदललंय, तो मात्र बरोबर उघडा पडतो!

लेविट यांच्यासमोर आलेल्या काचा होत्या दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात काढलेल्या. तिथल्या आकाशात मॅगेलनचे मेघ दिसतात : एक मोठा, एक छोटा. छोटा मेघ इतका दक्षिणेला आहे, की मुंबईच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. या दोन मेघांत लेविट यांनी १,७७७ रूपविकारी तारे, म्हणजे तेज बदलणारे तारे, शोधले आणि १९०८ मध्ये यादी छापली.

मग त्यांच्या लक्षात एक गंमत आली. जे तारे जास्त तेजस्वी, त्यांची फेरी लांबलचक. १९०८च्या यादीत १६ ताऱ्यांवरून त्यांनी तशी नोंद केली, आणि १९१२ मध्ये छोट्या मेघातले २५ तारे घेऊन आलेख काढला. सव्वा दिवसाच्या फेरीपासून १२७ दिवसांच्या फेरीपर्यंत सगळे ठिपके जवळपास सरळ रेषेत!

आता विचार करा, हे छोट्या मेघातच का जमलं? घाटातला तो दिवा आठवा. वरच्या नाक्यावर पन्नास गाड्या एका जागी थांबल्या असतील, तर त्यांतला जास्त झगझगीत दिवा खरोखरच जास्त ताकदीचा, कारण सगळ्यांचं अंतर एकच. छोट्या मेघातले तारेही आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. म्हणून तिथं दिसणारं तेज खऱ्या तेजाची चुगली करतं. इतर आकाशात जवळचे-लांबचे तारे एकमेकांत मिसळलेले, तिथं हे नातं कोणाला दिसलंच नसतं.

सेफीडकडे घड्याळ लावून बसा, फेरी मोजा, त्याचं खरं तेज काढा. दिसणारं तेज तर समोरच आहे. दोन्हींची तुलना केली, की अंतर आलं! लेविट यांच्या आलेखावरून फक्त ‘कोण कोणापेक्षा किती पट तेजस्वी’ एवढंच कळत होतं. आकडे प्रत्यक्ष बसवायला आपल्या जवळच्या सेफीडचं खरं तेज माहीत हवं होतं. डेन्मार्कच्या हर्ट्‌झस्प्रुंगनं पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, तो पहिला प्रयत्न केला.

खोडलेलं ‘एन’

तोपर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञ एका प्रश्नावर भांडत होते. देवयानीचा तो पुसट डाग आपल्या आकाशगंगेच्या आतला धुरकट ढग आहे, की बाहेरची स्वतंत्र दीर्घिका? १८८५ मध्ये त्या डागात एक नवा तारा अचानक चमकला होता. डाग खरंच बाहेर, फार लांब असेल, तर त्या एकट्या ताऱ्याचं तेज कोट्यवधी सूर्यांएवढं मानावं लागलं असतं. असा तारा असेल कसा? त्यापेक्षा डाग जवळ आहे म्हणा ना, असं बरेच जण म्हणत. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या दोघांनी भरसभेत आपापली बाजू मांडली. शॅप्ली म्हणाले आत, कर्टिस म्हणाले बाहेर. निकाल लागला नाही.

निकाल लावला एडविन हबल यांनी. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी, १०० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. ५ ऑक्टोबर १९२३च्या रात्री हबल यांनी देवयानीचा पाऊण तासाचा फोटो घेतला. त्यांना हवे होते नवतारे, म्हणजे अचानक भडकून विझणारे तारे. काचेवर तीन ठिपके संशयास्पद वाटले. त्यांनी तिघांपुढेही शाईनं ‘एन’ अक्षर लिहिलं. एन म्हणजे नोव्हा, नवतारा.

मग जुन्या काचा काढून पडताळा सुरू झाला. तिघांपैकी एक तारा जुन्या काचांवरही होता! कधी मंद, कधी ठळक, पुन्हा मंद. नवतारा असा वागत नाही. हबल यांनी ते ‘एन’ खोडलं आणि शेजारी मोठ्या अक्षरांत इंग्रजीत ‘व्हार’ लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकलं. व्हार म्हणजे व्हेरिएबल, रूपविकारी. ती काच अजून जपून ठेवलेली आहे.

फेरी निघाली सुमारे ३१ दिवसांची. लेविट यांच्या रेषेवर ३१ दिवस म्हणजे खराखुरा दणदणीत तारा, हजारो सूर्यांच्या तेजाचा. आणि हबल यांच्या काचेवर दिसत होता जेमतेम एक टिंब. म्हणजे अंतर केवढं असेल!

चला, आजचे आकडे घेऊन हा हिशेब तुम्हीच करा. छोटा मॅगेलन मेघ आहे सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवर. त्यातला ३१ दिवसांचा एक सेफीड घ्या आणि देवयानीतलाही ३१ दिवसांचा घ्या. दोघांची फेरी एक, म्हणजे खरं तेजही एक. पण देवयानीतला दिसतो साधारण दीडशेपट मंद. आता दीडशेचं वर्गमूळ? सव्वाबाराच्या आसपास. म्हणजे देवयानी छोट्या मेघाच्या सव्वाबारा पट लांब. २ लाखांना सव्वाबारांनी गुणा. आले की नाही साडेचोवीस लाख? पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ!

हबल यांचं स्वतःचं उत्तर होतं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. ते कमी कसं आलं, ते पुढे बघू. पण तेवढंही भांडण मिटवायला पुरेसं होतं. शॅप्ली यांची आकाशगंगा फार तर ३ लाख प्रकाशवर्षं रुंद होती. देवयानी तिच्या कितीतरी बाहेर पडली! १ जानेवारी १९२५ रोजी हबल यांचा निबंध वॉशिंग्टनच्या सभेत वाचला गेला आणि विश्व एका दीर्घिकेचं न राहता अनेक दीर्घिकांचं झालं. १८८५चा तो तारा? तो अतिनवतारा होता, अख्ख्या ताऱ्याचा स्फोट. त्याचं तेज खरोखरच तेवढं होतं!

लेविट हे बघायला नव्हत्या. १९२१च्या डिसेंबरात त्या वारल्या होत्या. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञानं नोबेल पारितोषिकासाठी त्यांचं नाव सुचवायचं म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा त्याला ही बातमीही ठाऊक नव्हती. नोबेल मृत व्यक्तीसाठी सुचवता येत नाही.

ब्लॅकआउटचा फायदा

आता त्या ९ लाखांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात हल्ल्याच्या भीतीनं लॉस एंजेलिसचे दिवे रात्री मालवत. डोंगरावरच्या माउंट विल्सनला त्यामुळे कधी नव्हे तो गडद अंधार मिळाला. वॉल्टर बाडे जर्मन असल्यामुळे युद्धाच्या कामावर नव्हते, दुर्बीण त्यांना मनसोक्त वापरायला मिळाली. त्या अंधारात त्यांनी देवयानीच्या मध्यभागातले तारे पहिल्यांदा सुटे सुटे टिपले. त्यांच्या लक्षात आलं, की दीर्घिकेत ताऱ्यांच्या दोन जाती आहेत : तरुण आणि म्हातारे.

आणि सेफीडही दोन जातींचे निघाले! फेरी सारखी असली, तरी तरुण जातीचा सेफीड म्हाताऱ्यापेक्षा सुमारे चौपट तेजस्वी. आधीच्या हिशेबात दोन्ही जाती एकाच मापात मोजल्या गेल्या होत्या. १९५२ मध्ये बाडे यांनी रोमच्या परिषदेत हे जाहीर केलं. दिवा चौपट ताकदीचा निघाला, तर अंतर कितीपट? बरोबर, दुप्पट! एका दुपारी देवयानी दुप्पट लांब गेली, आणि सेफीडवरून मोजलेल्या बाकीच्या दीर्घिकाही. पुढे धुळीमुळे अडणाऱ्या उजेडाचा हिशेब सुधारला, मोजमापं बारीक झाली आणि आकडा २५ लाखांवर येऊन स्थिरावला. या सगळ्यात देवयानी बिचारी जागेवरच होती. बदलत होती ती दिव्याबद्दलची आपली माहिती.

सेफीडच नसेल तर?

काही दीर्घिका लंबगोल आणि म्हाताऱ्या असतात. त्यांच्यात तरुण तारे नाहीत, म्हणून तरुण जातीचे सेफीडही नाहीत. मग घड्याळ कशाला लावणार?

अशा वेळी अख्ख्या दीर्घिकेचा उजेडच तपासतात. पण त्यात एक मजेशीर अडचण आहे. दीर्घिका दहापट लांब गेली, तर तिचा प्रत्येक तारा शंभरपट मंद दिसतो. पण फोटोतल्या तेवढ्याच एका चौकटीत आता शंभरपट तारे मावतात! एकूण उजेड तेवढाच. म्हणजे चौकटीच्या उजेडावरून अंतर कळणारच नाही.

अमेरिकेच्या जॉन टॉनरी आणि डोनाल्ड श्नायडर यांनी १९८८ मध्ये यातूनही वाट काढली. उजेड नका बघू, म्हणाले, उजेडातला खडबडीतपणा बघा. एका चौकटीत सरासरी १०० तारे असतील, तर कुठं ९०, कुठं ११०, असा साधारण दहाचा फरक पडणारच, कारण १००चं वर्गमूळ १०. म्हणजे फोटोत १० टक्के चढ-उतार. तीच दीर्घिका दहापट लांब असती, तर चौकटीत १०,००० तारे आणि फरक १००चा, म्हणजे फक्त १ टक्का. दहापट लांब, दहापट गुळगुळीत! एकही तारा सुटा न दिसता, नुसत्या खडबडीतपणावरून अंतर.

आता तुमची पाळी

दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलात, तर गुडरिकचा तारा स्वतः बघा. दुर्बीण नको. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री नऊला वृषपर्वा उत्तरेला बऱ्यापैकी उंचावर असतो. ताऱ्यांचा नकाशा किंवा मोबाइलमधलं आकाशाचं ॲप घेऊन डेल्टा हुडकून काढा. त्याला खेटूनच झीटा आणि एप्सिलॉन असे दोन तारे आहेत. तिघांचा छोटा त्रिकोण होतो. झीटा तेजस्वी, एप्सिलॉन मंद आणि दोघांचंही तेज कायम एकसारखं. हीच तुमची मोजपट्टी.

रोज रात्री एकाच वेळी बघा आणि वहीत एवढंच लिहा : आज डेल्टा झीटाच्या जवळपास आहे, मधला आहे, की एप्सिलॉनएवढा मंद? ढगाळ रात्र असेल, तर जागा कोरी सोडा, अंदाजानं भरू नका. दोन आठवडे झाले, की तारीख आडवी आणि तेज उभं घेऊन आलेख काढा. चढण उभी आणि उतरण लांब आली, तर नोंदी चोख आहेत. मग दोन शिखरांमधले दिवस मोजा. उत्तर ५ दिवसांच्या थोडं पुढे आलं, की ताऱ्यांचं घड्याळ वाचणाऱ्यांत तुमचंही नाव घालायला हरकत नाही!